पाणी हलतं ठेवणारा

१

"मासेच तर आहेत, सर," असं आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी शिवदास मला म्हणाला. जिन्यात उभा राहून, हातात चहाचा कप धरून. मागे मीटरच्या खोलीतून अजून जळक्या रबराचा वास येत होता. पाण्याच्या मोटरची तार जोडायला त्याने आपल्या ओळखीचा कुणी अर्धवट वायरमन आणला होता. त्या माणसाने कुठली तार कुठे लावली देव जाणे. आमच्या बाजूच्या सगळ्या घरांतले दिवे एकदम पांढरेशुभ्र पेटले आणि फटाफट गेले. कुणाचा रेडिओ जळला, कुणाचा पंखा. माझ्या माशांच्या टाकीचा हवेचा पंप जळला. रेडिओवाल्यांची शिवदासने घरोघरी जाऊन माफी मागितली. माझी मागितली नाही. मासेच तर होते.

टाकी आबांची होती. आबा म्हणजे माझे वडील, धाकू. गिरणी बंद पडल्यावर घाटकोपरच्या या दोन खोल्यांत बसून बसून त्यांचं डोकं फिरायची वेळ आली, तेव्हा त्यांनी लोखंडी अँगल कापून, काचा बसवून, फटींत लांबी भरून ही टाकी स्वतः उभी केली. बाहेरच्या खोलीची एक अख्खी भिंत तिने अडवली होती. त्यात तांबडे, जाडजूड गोल्डफिश. गेल्या गणपतीत आबांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, जीभ जड झाली. मी त्यांची खाट आतल्या खोलीत अशी लावली की डोकं भिंतीला टेकेल आणि दारातून समोर टाकी दिसेल. त्या माणसाच्या आयुष्यात बघण्यासारखं आता तेवढंच उरलं होतं. ते शिवदासला कोण सांगणार?

२

मी शाळेत विज्ञान शिकवतो. तरीही हे एकाही माणसाला समजावता आलं नाही, म्हणून इथे पुन्हा सांगतो. टाकीतलं पाणी मासे स्वच्छ ठेवत नाहीत, माणूसही ठेवत नाही. तळाच्या खडीत डोळ्यांना न दिसणारे जंतू वस्ती करून असतात. माशांच्या घाणीतून जे विष तयार होतं, ते हे जंतू पचवतात. त्यांना सारखं वाहतं, हवा मिसळलेलं पाणी लागतं. खडीखाली भोकांची जाळी असते, कोपऱ्यात एक उभी नळी. पंप त्या नळीतून बुडबुडे सोडतो, त्यांच्याबरोबर खालचं पाणी वर चढतं आणि वरचं पाणी खडीतून खाली ओढलं जातं. पंप थांबला की खडी गुदमरते. जंतू मरतात. पाणी दिसायला काचेसारखं राहतं आणि आतून विष होतं.

पंप मी लगेच स्टेशनजवळच्या दुकानात नेला. दुकानदाराने तो हातात उलटासुलटा केला, कॉइल यायला वेळ लागेल म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागला. नवा मागितला तर तोही नव्हता. तेव्हा मी हातानेच काम सुरू केलं. कोपऱ्यातल्या नळीत रबरी पाइप घालून खडीखालचं पाणी बादलीत ओढायचं आणि स्टीलच्या गडूने ते उंचावरून परत टाकीत ओतायचं. बादली रिकामी झाली की पुन्हा पहिल्यापासून. घरी असेन तोवर मी हेच करत होतो. दंड भरून यायचे. आबा आतून बघत राहायचे, आणि गडू पाण्यात आपटल्याचा आवाज आला की त्यांची चांगली बाजू जराशी हसायची.

शाळेत वार्षिक परीक्षा चालू होत्या. रजा मागितली तर मुख्याध्यापकांनी कारण विचारलं आणि ते ऐकून शेजारच्या बाईंकडे बघून हसले. रजा मिळाली नाही.

शेजारच्या मंजुळाताई दुपारी किल्लीने दार उघडून आबांना पेज भरवायच्या. मी त्यांना म्हटलं, जाता जाता थोडं पाणी वरखाली कराल का? त्यांनी तोंडावर 'नाही' म्हणून सांगितलं. माणसाचं करीन, माशांचं करणार नाही. निदान तोंडावर तरी सांगितलं.

३

शाळेतून परतताना मी मेलेले मासे काढायची मनाची तयारी करून आलो होतो. टाकी स्वच्छ होती. मासे वर येऊन तोंडं उघडत नव्हते. संथपणे फिरत होते. टाकीखालची फरशी ओली होती आणि गडू टाकीच्या काठावर उपडा ठेवलेला होता. मला खरंच बरं वाटलं. मंजुळाताईंना शेवटी दया आली म्हणायची.

मी त्यांचे आभार मानायला गेलो. त्या पोळ्या लाटत होत्या. "मी कशाला हात लावू तुमच्या टाकीला?" त्या म्हणाल्या. "तुम्हीच तर ओतत होतात. भिंतीतून सगळं ऐकू येत होतं मला. म्हटलं, आज लवकर आले वाटतं."

चांगलं काम केलं तर केलं म्हणावं, त्यात लाजायचं काय, असं मनात म्हणत परत आलो.

दुसऱ्या दिवशीही फरशी ओली. पण या वेळी काठावर गडू नव्हता, आबांच्या उशाशी असतो तो तांब्याचा तांब्या होता. माझं डोकंच फिरलं. तांबं माशांना विष असतं, हे मी या बाईला स्वतः सांगितलं होतं. मी तडक शेजारी गेलो आणि जे बोलायचं ते बोललो. करायचं तर नीट करा, नाहीतर करू नका. आणि करून वर नाही म्हणू नका. मंजुळाताईंनी ऐकून घेतलं. मग कमरेची आमच्या घराची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

"मी आत आबांना भरवत होते तेव्हा खोलीचं दार लोटलेलं होतं आणि बाहेर पाण्याचा आवाज येत होता," त्या म्हणाल्या. "तुम्ही असाल म्हणून मी वळून बघितलं नाही. पण आता सांगते, जयवंतभाऊ, बघितलं नाही ते बरंच झालं."

असं अर्धवट बोलून दार लावून घेणाऱ्या माणसांचा मला मनस्वी राग येतो.

तिसऱ्या दिवशी शाळेत माझी सुपरव्हिजन नव्हती. मी मधूनच घरी येऊन आबांना भरवलं आणि परत गेलो. जाताना दाराला नवं कुलूप घातलं. किल्ली एकच, माझ्या खिशात. संध्याकाळी परत आलो तर फरशी ओली.

४

मासे खात नव्हते. दाणे पाण्यावर पसरत, भिजत, खाली बसत. तांबड्या माशांना खादाडपणाची हद्द नसते. बोट दाखवलं तरी धावत येतात. हे आले नाहीत. ते फिरत होते खरे, पण सगळे एकाच दिशेने, एकाच वेगाने. गडूतलं पाणी पडलं की टाकीत जो भोवरा उठतो, त्याच दिशेने.

मी खुर्ची ओढून काचेला नाक लावून बसलो. सगळ्यांत मोठा मासा माझ्यासमोरून गेला. डोळा स्वच्छ, खवले चमकदार. कल्ले मिटलेले. मी तो पुन्हा फिरून येईपर्यंत थांबलो. कल्ले मिटलेलेच. मग मी दुसऱ्याकडे बघितलं, तिसऱ्याकडे बघितलं. एकाचाही कल्ला उघडत नव्हता.

माझ्या मनाने लगेच कारणं काढली. पाण्यात हवा भरपूर असेल तर श्वास मंदावतो. उजेड कमी आहे. माझाच चष्मा बदलायला झालाय. शिकवणाऱ्या माणसाला कारणं चटकन सुचतात. पण रबरी पाइप मी सकाळी खिळ्याला टांगला होता तसाच होता, कोरडा ठणठणीत. म्हणजे जो कुणी पाणी ओतत होता, तो वरचंच पाणी घेऊन वरच ओतत होता. खडीतून थेंबही ओढला जात नव्हता. त्याने माझं ओतणं बघितलं होतं आणि नुसतं ओतणंच उचललं होतं. ते कशासाठी, हे त्याला कळलेलं नव्हतं.

मी बाटलीत थोडं पाणी घेतलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या प्रयोगशाळेत ते विष दाखवणारं नेसलरचं द्रावण त्यात टाकलं. थोडं विष असेल तर पाणी पिवळसर होतं. हे चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी झालं. मी नवी परीक्षानळी घेऊन पुन्हा करून बघितलं. तसंच. या पाण्यात मासा एक दिवसही टिकला नसता. मी ती नळी हातात धरून उभा होतो आणि मला भीती नव्हे, संताप आला. हे नियमात बसत नव्हतं. कुणीतरी माझ्या घरात शिरून माझ्याच टाकीत माझी थट्टा चालवली होती.

५

मी आबांना विचारलं. त्यांना त्रास द्यायचा नव्हता, पण घरात दिवसभर तेच होते.

"आबा, पाणी कोण ओततं?"

त्यांना शब्द जुळवायला वेळ लागतो. "येता तो," ते म्हणाले.

"कोण?"

"माका दिसणा नाय. उशाकडे उभो रवता."

उशाकडे भिंत होती. खाट मी स्वतः भिंतीला टेकवली होती. मधे हातही जात नव्हता. मी त्यांना तसं म्हणालो, जरा चढ्या आवाजातच. ते टाकीकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी परीक्षेला गेलो नाही. कळवलंही नाही. कपडे करून, बूट वाजवत बाहेर पडलो, कुलूप घातल्याचा आवाज केला आणि बूट हातात घेऊन परत आत आलो. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा राहिलो. तिथून टाकी दिसत नाही, आवाज मात्र येतो. भरदिवसा स्वतःच्या घरात चोरासारखं उभं राहावं लागलं याची मला इतकी चीड आली होती की घाबरायला जागाच नव्हती. खिडकीतून देवनारच्या कचऱ्याचा वास येत होता. खाली कुणीतरी पापड वाळत घालत होतं.

मग गडू पाण्यात बुडाला. भरताना जो गुडगुड आवाज येतो तो आला. मग उंचावरून धार पडली. पुन्हा बुडाला. पुन्हा धार. घाई नाही, थांबणं नाही. मी ऐकत होतो आणि माझ्या लक्षात आलं की मधे एकदाही पाऊल वाजलेलं नाही, श्वास घेतल्याचा आवाज नाही, हात भरून आला म्हणून कुणी गडू खाली ठेवलेला नाही.

मी ओरडतच बाहेर धावलो. बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं. गडू फरशीवर गोल फिरत होता आणि फिरता फिरता थांबला. टाकीपासून आतल्या खोलीच्या दारापर्यंत थेंब पडले होते. दोन्ही बाजूंना पावलं नव्हती. नुसती थेंबांची एक रेघ, जशी भरलेला गडू लांबवर धरून नेताना पडते.

मी गडू आणि तांब्या खिडकीतून खाली फेकले. पोळपाट आणून टाकीवर आडवा टाकला, उरलेल्या जागेवर आबांचा जुना पत्रा, त्यावर पाटा आणि वरवंटा. आता ओत, म्हटलं.

पाण्यातला भोवरा हळूहळू संथ झाला. भोवरा थांबला आणि सगळे मासे एकदम उलटे झाले. एकामागून एक नव्हे. एकदम. आणि ते आत्ता मेलेले नव्हते. माझ्या डोळ्यांदेखत त्यांचे डोळे पांढरे पडले, खवले सुटून पाण्यात पसरले, आणि झाकणाच्या फटीतून असा वास आला की मला मोरीवर जावं लागलं. ते कित्येक दिवसांपूर्वीच मेले होते.

६

टाकी रिकामी केली, खडी पोत्यात भरून टाकली, काचा पुसल्या. मी कुणालाही काही सांगितलं नाही. काय सांगणार होतो? शिवदासला तर मुळीच नाही. तो जिन्यात भेटला आणि गेले का मासे, असं विचारून चुकचुकला. त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

शेजारणीशी अबोला झालेला, म्हणून कांदिवलीहून माझी बहीण मालन आली. दोघांची सोय होईल तोवर राहते म्हणाली. तिने आल्या आल्या घराचा ताबा घेतला. टाकीच्या जागी कपड्यांची घडवंची ठेवली. आणि आबा सुधारायला लागले.

मला आनंद झाला नाही असं नाही. त्यांचा डावा हात हलायला लागला. जीभ मोकळी झाली. त्यांनी मालनला गावच्या ओढ्याची आणि आमच्या आजीची गोष्ट सांगितली, जी मी सबंध आयुष्यात ऐकली नव्हती. मालन रडली. सोसायटीतले लोक बघायला आले. शिवदास पेढे घेऊन आला आणि माझा हात हातात घेऊन म्हणाला, तुमच्या सेवेला फळ आलं. मी हात सोडवून घेतला. प्रत्येकजण माझं अभिनंदन करत होता आणि प्रत्येकाचा मला राग येत होता, का कुणास ठाऊक.

मालन फक्त एकदा म्हणाली, "दादा, आबांना घाम किती येतो रे. रोज उशी बदलते, दुपारपर्यंत पिळून काढण्यासारखी. आणि जेवणाकडे बघतही नाहीत. भूक नाही म्हणतात."

"डॉक्टरांना बोलावू," मी म्हणालो.

"कशाला? बरे होतायत ना."

डॉक्टरांना मी बोलावलं नाही. ते नाडी बघतील, हे माझ्या मनात आलं होतं.

७

रविवारी दुपारी मी बाहेरच्या खोलीत पेपर तपासत होतो. मालन स्वयंपाकघरात भांडी घासत होती. आतून आबा तिच्याशी मोठ्याने बोलत होते, आणि त्यांच्या बोलण्याच्या मधेमधे पाण्याची धार पडत होती.

आधी मला वाटलं, मालनचा नळ. मग मालनने नळ बंद केला.

धार पडत राहिली. भरताना तोच गुडगुड आवाज, मग उंचावरून धार. पण आता ती पाण्यात पडत नव्हती. कापडावर पडत होती.

मी आत गेलो. आबा उशीवर डोकं ठेवून पडले होते, तोंड धुतल्यासारखं ताजं. केस कपाळाला चिकटलेले. माझ्याकडे बघून हसले. मी त्यांच्या छातीकडे बघितलं. पातळ बनियन, खाली बरगड्या. मी खाटेच्या कडेला बसलो आणि बघत राहिलो. ते काहीबाही बोलत होते, मालन जेवली काय विचारत होते, आणि ती छाती एकदाही वर आली नाही.

खाट भिंतीला टेकलेली होती. मधे हात जायला जागा नव्हती. आणि तिथून माझ्या पायाजवळच्या फरशीवर पाण्याचे थेंब पडत होते.

इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. शिवदासवर नाही, दुकानदारावर नाही. त्या उशाकडच्या कुणावर तरी, ज्याला नुसतं ओतणं माहीत होतं. कुणाला विचारून? माझ्या माणसाला हात लावायचा अधिकार तुला कुणी दिला? मी हे मोठ्याने बोललो असेन, कारण मालन स्वयंपाकघरातून म्हणाली, "दादा, त्यांच्यावर कशाला ओरडतोस? किती महिन्यांनी बोलतायत."

मी उठलो. खाट भिंतीपासून खेचायची, आड काहीतरी घालायचं, फळी, गादी, काहीही. मला तो उपाय माहीत होता. आणि त्यानंतर काय होतं तेही. मालन बाहेर भांडी पुसत गुणगुणत होती. खाटेच्या लोखंडी दांड्यावर माझे दोन्ही हात होते आणि ते मला हलवता येईनात.

"जयवंता," आबा म्हणाले.

मी खाली वाकलो. त्यांनी उजव्या हाताने माझी मान धरून मला अगदी जवळ ओढलं. हात गार होता, नळाच्या पाण्याइतका. त्यांचे ओठ माझ्या कानाला लागले. कानावर वारा असा काही आला नाही, नुसते शब्द आले.

"झिला, माझे डोळे तरी मिट रे. मिटणत नाय."

मी त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं. किती दिवस मी त्यांना पापणी लववताना बघितलं नव्हतं, ते आठवेना. मी हात पुढे केला आणि दोन बोटांनी त्यांच्या पापण्या खाली ओढल्या. त्या आल्या. त्यांचा चेहरा सैल पडला. मानेवरचा हात सुटला. पाण्याचा आवाजही थांबला, आणि मी इतका वेळ दाबून धरलेला श्वास सोडला.

मग भिंतीच्या बाजूने, जिथे जागाच नव्हती तिथून, ओली, पांढरी, पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी सुरकुतलेली बोटं उशीवर आली. त्यांनी आबांच्या कपाळावरचे केस मागे सारले. आणि मी नुकत्याच मिटलेल्या पापण्या त्याच बोटांनी एकेक करून, आजाऱ्याचं करणाऱ्या माणसाच्या मायेने, पुन्हा उघडल्या.